घोडे नेमके कुठे पेंड खाते?

पत्र

"माझी आत्या ८१ वर्षांची आहे. सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली. गुडघे दुखतात, बोटांना संधिवात आहे, थोडे कमी दिसते आणि ऐकूही कमी येते. बुद्धी मात्र तल्लख आहे. तिचा मुलगा अमेरिकेत असतो. एरवी माझी मोठी बहीण दर आठवड्याला तिच्याकडे जाते. या नोव्हेंबरमध्ये ती परगावी होती, म्हणून एक शनिवार मी गेलो. आतेभावाने चौदा कामांची यादी पाठवली होती. सकाळी दहाला पोहोचून संध्याकाळी सातपर्यंत मी चौदाही कामे उरकली. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच काढला, त्यामुळे बँकेत जावे लागले नाही. गोळ्यांचे म्हणाल तर एक पाकीट बेसिनजवळ, एक देवघरात, दोन जेवणाच्या टेबलावर, असा सगळा पसारा होता. म्हणून आठवड्याचे खण असलेली डबी आणली आणि सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून सकाळ-दुपार-रात्र अशा भरून ठेवल्या. वरच्या फळीसाठी ती स्टुलावर चढते, म्हणून तिथले डबे खाली आणले. जुने मसाले, रबरबँड, धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या टाकून दिल्या. भाजी आणि किराणा ॲपवरून मागवला. न्हाणीघरात रबरी चटई घातली, धरायला दांडा बसवून घेतला. तिला त्रास नको म्हणून जेवणही बाहेरून मागवले. निघताना आशीर्वाद घ्यायला वाकलो, तेव्हा ती म्हणाली, 'खूप काम केलंस रे. आता पुढच्या वेळी येशील तेव्हा पाहुण्यासारखा ये.' बहीण म्हणते, आत्या दुखावली आहे. माझ्या हातून काय चुकले? पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. तो दिवस कसा घालवू?"

— एक भाचा, वाकड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आठवडाभर नोकरी करून हाती आलेला शनिवार तुम्ही आत्यांसाठी दिला आणि दिवसभर एका जागी बसला नाहीत, याची नोंद आधी करते. घरच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडण्याची चित्रे पाठवून कर्तव्य संपवणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. तुम्ही त्यांतले नाही. पण तुमच्या बहिणीचे म्हणणेही मला खरे वाटते. पुण्याच्या पेठांमध्ये मन दुखावल्याचे सांगण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, एखादा सौजन्याचा शब्द पुरतो. पाहुणा दुसऱ्याच्या घरातली कपाटे उघडत नाही, डबे हलवत नाही आणि यजमानिणीला न विचारता काही टाकून देत नाही. आत्यांनी तुम्हाला येऊ नकोस असे म्हटलेले नाही. घर कोणाचे आहे, एवढीच आठवण त्यांनी करून दिली आहे.

चूक तुमच्या कष्टांत नाही, मोजमापात आहे. तुम्ही दिवस कामांनी मोजलात, आणि प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच केलेत. वास्तविक म्हाताऱ्या माणसाचे संपूर्ण काम क्वचितच अडते. त्या कामातली एखादी जागा अडते. आपल्याकडे विचारतात, घोडे नेमके कुठे पेंड खाते? मदतीला गेलेल्या माणसाने हाच प्रश्न धरून ठेवायचा असतो. चहाचेच पाहा. भांडे घेणे, पाणी मोजणे, लायटरने गॅस पेटवणे, साखरेच्या डब्याचे झाकण फिरवणे, उतू जाण्याआधी आच कमी करणे, तापलेले भांडे उचलणे, गाळणे, कप घेऊन खुर्चीपर्यंत चालणे, इतक्या गोष्टी त्यात असतात. संधिवाताच्या बोटांना त्यांतल्या दोनच जमत नसतील, समजा लायटर दाबणे आणि घट्ट झाकण फिरवणे. मग साखर अलगद निघणाऱ्या झाकणाच्या डब्यात ठेवली आणि बोटांना कमी जोर लागेल असा लायटर आणून दिला, की पुढचा सगळा चहा आत्यांचा. तुम्ही आयता चहा करून पुढे ठेवलात तर त्या दिवशी त्यांची सोय होते; दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तेच झाकण पुन्हा त्यांच्यासमोर असते, आणि तेव्हा तुम्ही वाकडला असता.

हे शहाणपण मला आपोआप सुचलेले नाही. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर त्यांची दाढी आम्ही घरातली माणसे करत असू. पाच मिनिटांत व्हायची, गुळगुळीत व्हायची आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक दिवस विचारले, "मग त्यांचा उजवा हात दिवसभर करतो काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे आरसा खाली टांगला, खुर्ची ठेवली, ब्रशच्या मुठीला जाड कापड गुंडाळले आणि साबण लावण्यापुरते काम त्यांच्याकडे दिले. दाढीला पंचवीस मिनिटे लागू लागली, अर्धा साबण कानाला लागे. तरीही आधी सहा महिने आम्ही त्या हाताला रजा देऊन ठेवली होती, याची टोचणी मला अजून आहे.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या वैद्यकशास्त्रातही हा विचार जुनाच आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये माणसाचे स्वावलंबन मोजण्यासाठी सहा मूलभूत क्रिया निवडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. त्यांचे निरीक्षण असे होते की या क्रिया साधारणपणे एका क्रमाने हातातून निसटतात; आंघोळीला मदत लागणे सुरुवातीला येते आणि स्वतःच्या हाताने घास घेणे बहुधा अगदी शेवटपर्यंत टिकते. पुढे १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी जरा गुंतागुंतीच्या आठ कामांची दुसरी मोजपट्टी तयार केली : फोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार. (पुरुषांना मोजताना स्वयंपाक, आवराआवर आणि धुणे ही तीन कामे तेव्हा सोडून देत असत. यावर मी काही बोलत नाही.) तुमचे पत्र या दोन याद्यांशेजारी ठेवले तर दिसते ते असे : पहिल्या यादीतले सर्व काही आत्या स्वतः करतात, आणि दुसऱ्या यादीतल्या निम्म्या गोष्टी तुम्ही एका शनिवारी त्यांच्या हातून काढून घेतल्या. बाजारहाट ॲपकडे गेला, स्वयंपाक हॉटेलकडे, औषधे खणांच्या डबीकडे आणि बँक तुमच्या मोबाइलकडे. त्या दिवशी त्यांना करण्यासारखे काय उरले होते?

औषधांबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण तिथे प्रश्न केवळ मन दुखावण्याचा नाही. तुम्ही पत्रासोबत गोळ्यांची यादी जोडलीत ते बरे केलेत. त्यात थायरॉइडची गोळी आहे आणि कॅल्शियमचीही, आणि दोन्ही तुम्ही 'सकाळ' लिहिलेल्या एकाच खणात घातल्या आहेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते, त्यानंतर चहा-नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास जावा लागतो, आणि तिच्यात व कॅल्शियममध्ये सुमारे चार तासांचे अंतर असावे लागते. नाहीतर कॅल्शियममुळे ती शरीरात नीट शोषली जात नाही. तुमच्याच पत्रात आहे की आधी "एक पाकीट बेसिनजवळ, एक देवघरात, दोन जेवणाच्या टेबलावर, असा सगळा पसारा होता". मला तो पसारा वाटत नाही. बेसिनजवळचे पाकीट उठल्याउठल्या दात घासताना घ्यायचे असणार, देवघरातले पूजेनंतरचे आणि टेबलावरची जेवणाची. ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही त्यांनी घराच्या जागांनाच घड्याळ केले होते, आणि ते घड्याळ बरोबर चालत होते. आत्यांना आजच फोन करा, त्या दोन गोळ्या वेगळ्या करायला सांगा आणि जुन्या जागा पुन्हा सुरू करा. एरवीच्या वेळांबद्दल शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या सदराला नव्हे.

मग त्यांची अडचण नेमकी कोणती होती? माझा अंदाज असा की पाकिटातून गोळी दाबून बाहेर काढणे. बोटांच्या सांध्यांना ते फार दुखते, आणि गोळी निसटून टेबलाखाली गेली तर वाकून शोधण्याची पंचाईत वेगळीच. पण सगळ्या गोळ्या आधीच बाहेर काढून ठेवणे हा त्यावरचा सरसकट इलाज नाही. काही गोळ्या दमट हवेने किंवा उजेडाने खराब होतात. कोणत्या गोळ्या काढून ठेवल्या तर चालतील, हे औषधाच्या दुकानात विचारून घ्या. थायरॉइडच्या गोळ्या बाटलीतही मिळतात. उघडायला सोप्या झाकणाची बाटली मिळाली तर तो प्रश्न तिथेच सुटतो. आणखी एक गोष्ट आत्यांच्या शेजारी बसून करा : प्रत्येक पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव वाचून काढा. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची, पण आतून एकच असलेली रक्तदाबाची गोळी लिहून दिल्याची आणि रुग्ण भक्तिभावाने दोन्ही घेत असल्याची उदाहरणे घडतात. तसे आढळले तर स्वतः काही बंद करू नका, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता बँक. चेहऱ्यावरून ओळख पटवून घरबसल्या हयातीचा दाखला देण्याची सोय उत्तमच आहे. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि मोबाइलवर चेहरा दाखवण्याची सोय २०२१ मध्ये. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी तर ती वरदान आहे. पण नोव्हेंबरातल्या बँकेतला निवृत्तांचा घोळका तुम्ही कधी पाहिला आहे का? तिथे कोण आले, कोण काठी घेऊन आले आणि कोण या वर्षी आलेच नाही, याची हजेरी लागते. ज्या बँकांत कागदी यादीवर सही करतात तिथे आपली सही झाल्यावर वरच्या आणि खालच्या नावापुढे सही दिसते का, हे प्रत्येक जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतो. तुमच्या आत्यांना मी ओळखत नाही. कदाचित त्यांना ती रांग नकोशीही वाटत असेल. परंतु इतकी वर्षे नोकरी केलेल्या बाईला जुन्या सहकारी वर्षातून एकदा हमखास भेटण्याचा तो दिवस असेल, तर तुम्ही त्यांचे पाच मिनिटांचे काम वाचवलेत आणि त्यांचा सणाचा दिवस बुडवलात.

सुदैवाने दुरुस्तीला वाव आहे. डिजिटल दाखला पाठवला म्हणजे तो स्वीकारला गेलाच असे नसते. खाते क्रमांक किंवा पीपीओ (निवृत्तिवेतनाच्या आदेशाच्या) क्रमांकात एखादी चूक राहिली तर तो नाकारला जाऊ शकतो. तेव्हा दाखल्याची नोंद झाली का हे पाहायला आणि पासबुक भरून घ्यायला आत्यांना घेऊन बँकेत जा. फक्त दुसरा किंवा चौथा शनिवार निवडू नका, त्या दिवशी बँका बंद असतात. बँकेत गेल्यावर एक पथ्य पाळा. काउंटरमागचा तरुण बहुधा तुमच्याकडे पाहून बोलेल, "आजींचं खातं जॉइंट आहे का?" तुम्ही उत्तर न देता अर्धे पाऊल मागे व्हा आणि आत्यांकडे पाहा. त्याची मानही तिकडे वळेल. पासबुक, पेन आणि पैसे त्यांच्याच हातात राहू द्यात. त्यांच्या कार्डाचा पिन तुम्हाला ठाऊक नसावा, आणि ठाऊक झालाच असेल तर त्यांच्याकडून बदलून घ्या. पैशांच्या बाबतीत तुमच्या सद्हेतूविषयी कोणाला शंका नसली तरी तशी वहिवाट पडू नये हे बरे.

डबे आणि पिशव्या यांवर फार लिहीत नाही. कमी दिसणाऱ्या माणसाचे स्वयंपाकघर डोळ्यांनी नव्हे, हातांच्या सवयीने चालते. मिठाचा डबा एक वीतभर सरकला तरी आमटी खारट होण्याची शक्यता असते. वरच्या फळीसाठी आत्या स्टुलावर चढतात ही तुमची काळजी मात्र योग्यच होती. तेव्हा रोज लागणारे तीन-चार डबे कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा, पण कोणते डबे आणि कोणती जागा हे त्यांनी सांगावे आणि ठेवताना हात त्यांचा असावा. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांचे म्हणाल तर त्या रद्दीवाल्याकडे जातात आणि त्यांचे पैसे येतात. तुमच्या पिढीला ती रक्कम हास्यास्पद वाटेल. आत्यांच्या पिढीला पिशवी फेकून देणे हास्यास्पद वाटते.

न्हाणीघरातला दांडा हे तुमचे सर्वांत चांगले काम. एकच तपासणी राहिली आहे : कोरड्या न्हाणीघरात, कपड्यांनिशी, आत्यांना तिथे उठून-बसून दाखवायला सांगा. दांडा त्या ज्या हाताने आधार घेतात त्या बाजूला यायला हवा आणि पूर्ण वजन पेलण्याइतका भिंतीत पक्का हवा. टॉवेल टांगायच्या दांड्याचा आधार तर कधीच घ्यायचा नाही. चटईच्या कडा वर वळत नाहीत ना तेही पाहा. बसून आंघोळ करायला रुंद पायांचे स्टूल आणि पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रीचा मंद दिवा, एवढे केले की तिथले काम झाले.

पुढचा दिवस कसा घालवावा, हे विचारलेत. आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या काय काय करायचंय?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "काही नाही रे, तू नुसता ये" असेच येईल. "उद्या तुझा दिवस कसा आहे?" असे विचारा, म्हणजे कळेल की दूध किती वाजता येते, कामाच्या मावशी केव्हा येतात, पूजेला किती वेळ लागतो आणि कोणत्या मालिकेच्या वेळी बोललेले चालत नाही. दहाला पोहोचणे उशिराचे आहे. या वयात अंगातली शक्ती सकाळी असते, म्हणून साडेआठपर्यंत पोहोचा. दुपारी एक ते चार वामकुक्षीची वेळ. पेठांतली पुष्कळशी दुकानेही तेव्हा बंदच असतात, त्यामुळे पुण्याने ही सोय आधीच करून ठेवली आहे असे समजा. म्हणजे दिवसाचे कामाचे असे दोनच तुकडे उरतात, सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे दोन. सकाळी बाहेरचे एक काम, संध्याकाळी घरातले एक. चौदा कामांची यादी सात महिन्यांची झाली तरी बिघडत नाही.

आत्यांची आंघोळ व्हायची असेल तर ती तुम्ही घरात असताना होऊ द्या. काही करायचे नाही. बाहेर वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि आतून कडी लावू नकोस एवढे सांगायचे. एकट्या राहणाऱ्या माणसाला आंघोळीच्या वेळी घरात दुसरे कोणी आहे याचा जो निर्धास्तपणा वाटतो, तो त्या माणसाशिवाय कोणाला कळायचा नाही. पलंगावरून उठल्यावर लगेच चालू लागण्याऐवजी त्या कडेवर मिनिटभर बसतात का ते पाहा. उतारवयात, आणि विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. खुर्चीवरून उठायला त्रास होत असेल तर काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. त्यांना आधी कडेपर्यंत पुढे सरकू द्या, पावले थोडी मागे घेऊ द्या, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पुढे झुकत उठू द्या. तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी पुष्कळ आहे.

जिन्याला घाई चालत नाही. चढताना कमी दुखणारा पाय आधी वर आणि उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली, हा नियम त्यांना सांगा. कदाचित गुडघ्यांनी तो केव्हाच शिकून घेतला असेल. चढताना तुम्ही त्यांच्या एक पायरी मागे राहा आणि उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे तोल गेलाच तर खालच्या बाजूला तुम्ही असाल. कठड्याकडचा त्यांचा हात धरू नका, तो कठड्यासाठी आहे. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून तिथे एक खुर्ची ठेवता आली तर दोन मजल्यांचा जिना एकेका मजल्याचा होतो, आणि शेजारणीशी चार शब्द होतात ते वेगळेच.

भाजीसाठी त्यांना मंडईत न्या. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ पासून उभी आहे, आणि तुमच्या आत्यांना तिथे कोणत्या गाळ्यावर काय चांगले मिळते याची माहिती ॲपपेक्षा निश्चितच अधिक असणार. भेंडीचे टोक मोडून पाहणे, मेथीची जुडी नाकाशी नेणे आणि "गेल्या खेपेला दहाला दिली होती" असे ठणकावून सांगणे, हे सगळे त्यांचे. पिशवी तुमची. रिक्षा फुटपाथला लागून उभी करायला सांगा, म्हणजे चढताना पाय कमी उचलावा लागतो. दमल्या नसतील तर मंडईचे मेट्रो स्थानकही दाखवा. ते सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आहे. जमिनीखाली जाताना सरकत्या जिन्याच्या वाटेला न जाता लिफ्टने न्या. परतल्यावर भाजी निवडायला दोघांनी बसा. शेंगा सोलताना माणूस जे बोलतो ते सोफ्यावर समोरासमोर बसून विचारले तर बोलत नाही. ऐकू कमी येते म्हणून ओरडू नका. वयाप्रमाणे आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडण्याने गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत. दूरचित्रवाणी बंद करून, समोर बसून, खालच्या पट्टीत सावकाश बोला.

जेवण घरचेच होऊ द्या. पोळ्या मावशींनी केलेल्या असतील, भाजी आत्या फोडणीला टाकतील, कुकर तुम्ही उचला. त्यांच्या स्वयंपाकात सगळ्यांत जड तोच असतो.

डोळे मात्र उघडे ठेवा. करपलेली भांडी, दोनदा आणलेले तेच औषध, न भरलेले विजेचे बिल, सैल होत गेलेले ब्लाउज, तासाभरात तिसऱ्यांदा विचारलेला तोच प्रश्न, यांतले एकेकटे चिन्ह कोणाच्याही घरात सापडेल. पण अनेक एकत्र दिसू लागली तर डॉक्टरांना सांगायला हवे. आणि ते सांगायचे ठिकाण कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट नव्हे, कारण त्या गटात आत्याही आहेत. आतेभावालाही "चौदापैकी चौदा झाली" असे कळवण्याऐवजी आईचा हात कुठे अडतो ते कळवा. लांब असलेल्या मुलाला याद्या कराव्याशा वाटतात, त्यामागे अपराधीपणा असतो. त्याला एखादे खरे काम नेमून द्या, उदाहरणार्थ रोज एका ठरलेल्या वेळी फोन. दूरध्वनीशेजारी मोठ्या ठळक आकड्यांत दोन क्रमांक लिहून चिकटवा : ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीचा १४५६७ आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३०. पोलिसांच्या नावाने फोन करून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यायचा, अशी अटक कायद्यात नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.

त्यांच्याकडून काहीतरी घ्यायलाही विसरू नका. तुमच्या मूळ पत्रात 'आशिर्वाद' असे लिहिले होते. इथे छापताना मी ते दुरुस्त केले आहे. मराठीच्या निवृत्त शिक्षिकेच्या भाच्याने हे असे लिहावे, यावर आत्यांचे मत मी विचारत नाही. पण सोसायटीची नोटीस असो वा मुलांच्या शाळेला द्यायचा अर्ज, मराठीत लिहायचे जे काही पडून असेल ते त्या दिवशी बरोबर न्या आणि लाल पेनही न्या.

राहिला सुरुवातीचा अर्धा तास. क्षमा मागण्याचा मोठा समारंभ करू नका, त्या संकोचतील. "आत्या, तुला न विचारता डबे हलवले; कुठे काय होतं ते सांग, परत लावू," एवढेच म्हणा. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाहुण्यासारखे बसा, पण बाहेरच्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरातल्या पाटावर किंवा स्टुलावर. त्या चहा करतील. वीस मिनिटे लागतील. उठू नका, मोबाइल काढू नका, हात पुढे करू नका, नुसते पाहा. कोणत्या झाकणाशी त्या थांबतात, कोणत्या हाताने भांडे उचलतात, कशाचा आधार घेतात, ते सगळे तुम्हाला त्या वीस मिनिटांत दिसेल. चहा पिऊन झाला की कपबशी त्यांच्या देखत विसळून ठेवा आणि कुठे ठेवायची ते विचारा. मग हळूच विचारा, की या महिन्यातल्या दुधाच्या पिशव्या रद्दीवाल्याकडे नेऊन द्यायच्या आहेत का.